बोका पुन्हा घरात धार मारायला लागलाय? आधी फिनेलची बाटली खाली ठेवा

देवघराशेजारच्या भिंतीवर, फरशीपासून वीतभर उंचीवर, एक पिवळट ओघळ. खाली समईच्या बैठकीपर्यंत आलेला. वास असा की उदबत्ती त्याच्यापुढं टिकेना. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात हे तिसऱ्यांदा झालं तेव्हा आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, शांतपणे म्हणाल्या, "पोत्यात घाला नि पन्हाळ्याच्या अंगाला सोडून या. देवापाशी मुतणारं जनावर घरात नको."

त्यांचा राग मला कळत होता. अंघोळ करून पूजेला बसायचं आणि नाकात पहिला वास तो. पण बंड्या पाच वर्षांचा, डोळे उघडायच्या आधीपासून घरात वाढलेला बोका. रस्त्यावर शिकार कशी करायची, कुत्र्यापासून कसं पळायचं, हे त्याला कधी शिकावंच लागलं नव्हतं. त्याला सोडून येणं म्हणजे त्याला मारणंच होतं.

ज्यांच्या घरी हा त्रास एकदा थांबून पुन्हा सुरू झालाय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पहिल्यांदा होतं तेव्हा सगळेच काहीतरी करतात. जागा घासून काढतात, मांजराला ओरडतात, आठवडाभर बरं जातं आणि पुन्हा तेच. आमच्याकडं दीड वर्षात हे चार वेळा झालं. प्रत्येक वेळी आम्ही डागाच्या मागं लागलो. बंड्याला कशाचा त्रास होतोय हे बघायला आम्हाला फार उशीर झाला.

एक गोष्ट आधीच सांगते. मांजर डूख धरून असं करत नाही. "काल रागावले म्हणून आज गादीवर केलं" हे आपण आपल्या मनानं लावलेलं गणित आहे. मांजराची सगळी दुनिया वासावर चालते. स्वतःचा वास पसरलेला असेल तिथं त्याला सुरक्षित वाटतं. धास्ती वाटली की ते तोच वास आणखी जोरात लावतं. आपल्याला जी घाण वाटते ती त्याच्या लेखी घराची कडी लावणं असतं.

आधी हे ओळखा: धार की शू

ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. धार मारताना मांजर उभं असतं. भिंतीकडं, दाराकडं, पडद्याकडं पाठ करतं, शेपूट ताठ वर, शेपटीचं टोक थरथरतं, मागचे पाय जागच्या जागी हलतात आणि थोडीशीच लघवी मागं उडते. डाग उभ्या जागेवर असतो, वीतभर उंचीवर, खाली ओघळलेला. शू करताना मांजर बसतं. डाग आडव्या जागेवर, थारोळं मोठं. गादी, पायपुसणं, धुवायच्या कपड्यांचा ढीग, सोप्यातली सतरंजी, अशा ठिकाणी.

धार मारणारं मांजर बहुधा आपल्या पेटीत, म्हणजे शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या ट्रेमध्ये, नीट शू करतच असतं. त्याचं पेटीशी भांडण नसतं, त्याला कुणाचा तरी किंवा कशाचा तरी धसका असतो. उलट बाहेर शू करणाऱ्या मांजराला एक तर दुखतंय, नाही तर पेटी आवडत नाहीये, नाही तर पेटीपर्यंत जायची भीती वाटतेय.

डाग नेमके कुठं आहेत हे नाकानं शोधत बसू नका. नोटा तपासायला वापरतात तो जांभळ्या प्रकाशाचा छोटा टॉर्च आणा. रात्री सगळे दिवे घालवून भिंतीच्या कडेकडेनं फिरवा. वाळलेली लघवी फिकट हिरवट-पिवळी चमकते. आम्ही पहिल्यांदा हे केलं त्या रात्री मी सोप्यात नुसती उभी राहिले. आम्हाला माहीत होते दोन डाग. टॉर्चखाली दिसले अकरा. आणि त्यातले सात एकाच रांगेत होते: परसाकडचं दार, त्याच्या शेजारची खिडकी, खिडकीखालची धान्याची कोठी. देवघराची भिंत त्या दाराच्या बरोबर समोर येते. देवघराशी बंड्याचं काही वैर नव्हतं, त्याला ते दार राखायचं होतं. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

दवाखाना पहिला, बाकी सगळं नंतर

"ताण असेल" असं म्हणून घरीच उपाय सुरू करू नका. मूत्राशयाची सूज, खडे, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, म्हाताऱ्या मांजराची सांधेदुखी, या सगळ्यांत मांजर पेटीबाहेर शू करतं. लघवीची तपासणी होते, गरज पडली तर सोनोग्राफी होते. आणि यात एक विचित्र दुखणं आहे ज्यात जंतू सापडत नाहीत, खडे सापडत नाहीत, तरी मूत्राशय सुजतं आणि लघवीतून रक्त जातं. तरुण आणि मध्यमवयीन मांजरांच्या लघवीच्या तक्रारींत हेच सगळ्यात जास्त आढळतं, आणि ते ताणामुळं उसळतं. म्हणजे "आजार की ताण" हा प्रश्नच पुष्कळदा चुकीचा असतो. दोन्ही एकत्र असतात.

बंड्याला हे झालं तेव्हा गणपतीचे दिवस होते. तो मोरीत जाऊन बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. पाच मिनिटांत तीनदा. मी पांढऱ्या फरशीवर वाकून बघितलं तर एक थेंब, फिकट गुलाबी, शेंगदाण्याएवढा. तेवढ्यानं मी घाबरून त्याला उचलून दवाखान्यात नेलं आणि ते बरं केलं.

कारण बोक्याच्या बाबतीत एक धोका असतो जो प्रत्येक बोका पाळणाऱ्याला पाठ पाहिजे. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. त्यात खडा किंवा चिकट गाळ अडकला तर लघवी पूर्ण तुंबते. बोका जोर लावतो, काही येत नाही, ओरडतो, खालची बाजू सारखी चाटतो, पोट कडक लागतं, नंतर उलट्या होतात आणि तो कोपऱ्यात पडून राहतो. लघवी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. बघणाऱ्याला वाटतं बद्धकोष्ठ झालंय, आणि लोक एरंडेल पाजत बसतात. असं दिसलं तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा, सकाळची वाट बघू नका.

आणि दुखतंय म्हणून घरातली तापाची गोळी, पॅरासिटामॉल, त्याचा अर्धा काय पाव तुकडासुद्धा देऊ नका. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. एका गोळीनं मांजर मरू शकतं.

नसबंदी झाली नसेल तर

मग पुढचं वाचायच्या आधी ती करून घ्या. नसबंदीनंतर दहापैकी जवळपास नऊ बोक्यांचं धार मारणं थांबतं किंवा अगदी कमी होतं. साधारण चार ते सहा महिन्यांच्या वयात, सवय लागायच्या आधी केलेली बरी. भाट्याही, म्हणजे माद्याही, धार मारतात, विशेषतः माजावर असताना, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ऑपरेशननंतर लगेच फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नका, अंगातले संप्रेरक उतरायला काही आठवडे जातात. बंड्याचं ऑपरेशन आठव्या महिन्यातच झालेलं होतं. तो त्या उरलेल्या एकात मोडत होता.

फिनेल का नको

आपल्याकडं घाण झाली की हात पहिला फिनेलकडं जातो. मीही तेच केलं, पहिल्या दिवशी दोनदा. आज मला त्याचं वाईट वाटतं. काळ्या फिनेलमध्ये जी द्रव्यं असतात ती मांजराला विषारी आहेत. ओल्या फरशीवरून चालून पाय चाटले तरी ती पोटात जातात, आणि मांजराचं शरीर ती बाहेर टाकू शकत नाही. पांढरं फिनेल, डेटॉल, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, निलगिरीचं तेल, सगळं त्याच यादीत. आणि इतका धोका पत्करून कामही होत नाही. उग्र वासानं मांजराला वाटतं आपला वास पुसला गेला, पुन्हा लावला पाहिजे. फिनेल मारलेल्या जागी बंड्यानं दुसऱ्या दिवशीच नवी धार मारली होती.

ब्लीच म्हणजे ती पांढरी जंतुनाशक बाटली तर मुळीच नको. लघवीत अमोनिया असतो, ब्लीचशी त्याचा संयोग झाला की घशाला झोंबणारा विषारी वायू निघतो. बंद मोरीत तो तुम्हालाही बाधेल.

आत्तींनी देवघरापाशी शुद्धीसाठी गोमूत्र शिंपडलं. त्यामागची भावना मला मान्य आहे, पण बंड्याच्या नाकाला तिथं आणखी एका जनावराची लघवी लागली. मी त्यांना नीट समजावून सांगितलं तेव्हा त्यांनीच तोडगा काढला: तुळशीचं पान घातलेलं तांब्यातलं पाणी शिंपडायचं. त्यानं सोवळंही राहिलं आणि बोक्यालाही त्रास झाला नाही.

मग साफ कशानं करायचं? ओलं असेल तर आधी जुन्या पेपरनं टिपून घ्या, घासू नका, घासलं की ते आत मुरतं. लघवीचा वास ज्यातून येतो ती द्रव्यं तोडायला एन्झाइम लागतात. पाळीव प्राण्यांसाठी मिळणारा एन्झाइम क्लीनर असेल तर उत्तम. नसेल तर एन्झाइम असलेली कपड्याची पावडर, पाकिटावर तसं छापलेलं असतं, नऊ वाट्या कोमट पाण्यात एक वाटी या प्रमाणात कालवा. डागाच्या दुप्पट जागेवर ओता, पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या, मग साध्या पाण्यानं दोनदा पुसा. पूर्ण वाळल्यावर सर्जिकल स्पिरिटचा बोळा फिरवा आणि खिडकी उघडी ठेवा. रंगाच्या भिंतीवर आधी कोपऱ्यात करून बघा. गादीत मुरलं असेल तर कापूस पिंजून, उन्हात घालून बघता येतं, पण खरं सांगायचं तर आमची एक गादी आम्ही टाकूनच दिली.

धुऊन झाल्यावर ती जागा रिकामी सोडू नका. मांजर जिथं जेवतं किंवा झोपतं तिथं सहसा धार मारत नाही. परसाच्या दारापाशी आम्ही बंड्याची जेवणाची ताटली ठेवली आणि शेजारी त्याची जुनी गोधडी. आणखी एक सोपी गोष्ट: मऊ सुती फडक्यानं मांजराचे गाल आणि हनुवटी हलकेच पुसा, आणि तेच फडकं दाराच्या चौकटीवर मांजराच्या डोक्याच्या उंचीवर रोज फिरवा. गालांत त्याच्या ओळखीच्या वासाच्या ग्रंथी असतात. फर्निचरला गाल घासून ते हेच करत असतं. बाजारात फेलिवे नावाचं यंत्र मिळतं, सॉकेटमध्ये लावायचं, ते याच वासाची नक्कल सोडतं. काही मांजरांना त्याचा उपयोग होतो, काहींना नाही. माझं मत विचाराल तर आधी फडकं वापरून बघा.

कालनिर्णयवरची नोंद

चौथ्यांदा झालं तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी मला एकच काम दिलं. रोजची नोंद ठेवा: केव्हा, कुठं, उभं की आडवं, आणि त्या दिवशी घरात किंवा बाहेर काय घडलं. मी दुधाचा हिशेब लिहिते त्याच कालनिर्णयवर लिहायला लागले. "धा" म्हणजे धार, "शू" म्हणजे शू. शेजारी बारीक अक्षरात पाऊस, पाहुणे, गॅस सिलिंडरवाला, काय असेल ते.

तीन आठवड्यांनी पान समोर धरलं. सगळे "धा" पहाटे साडेचार ते सहाच्या मधले. आणि जवळजवळ प्रत्येकाशेजारी "पाऊस".

दुसऱ्या दिवशी मी पहाटे चारला उठून अंधारात सोप्यात बसले. पाच वाजायच्या आधी परसातल्या पत्र्यावर धप्प आवाज झाला. गल्लीतला एक मोठा, कान फाटलेला बोका पावसातून आमच्या पडवीत आला, अंग झाडलं, दाराच्या बाहेरच्या बाजूला पाठ केली, शेपूट थरथरली, आणि निवांत निघून गेला. आत बंड्या उभा होता. पाठ फुगलेली, कान मागं, गळ्यातून एक बारीक, लांबलेला आवाज. दाराच्या खालच्या फटीपाशी गेला, वास घेतला, तोंड अर्धवट उघडं ठेवून क्षणभर थांबला. मग वळला आणि दाराच्या आतल्या बाजूला धार मारली. बाहेर जिथं, आत नेमकं तिथंच.

ते बघून माझा बंड्यावरचा सगळा राग उतरला. रोज पहाटे त्याच्या दारात कुणीतरी येऊन दमदाटी करून जात होतं आणि तो आमच्या घराची राखण करत होता. कोल्हापुरात चार महिने पावसाची झड लागते. भटकी मांजरं पडव्या, जिने, गाडीखालच्या जागा धरतात. त्यामुळं पावसाळ्यात हा त्रास उसळतो आणि दिवाळीपर्यंत आपोआप कमी होतो. आम्हाला दर वेळी वाटायचं आमच्या ओरडण्यानं थांबलं.

उपाय त्या बोक्याला दगड मारणं हा नव्हता. दाराखालची फट रबरी पट्टीनं बंद केली. खिडकीच्या खालच्या दोन तावदानांना दूधी कागद चिकटवला, उजेड येतो, बाहेरचं दिसत नाही. दार बाहेरून रोज सकाळी धुतलं, आतल्यासारखंच. पडवीत आम्ही खरकटं ठेवायचो ते बंद केलं आणि त्या बोक्यासाठी गल्लीच्या टोकाला, रिकाम्या जागेत, पत्र्याखाली ताटली ठेवायला सुरुवात केली. दोन महिन्यांनी त्यालाही पकडून नसबंदी करून आणली. त्याचा कान फाटका, पण स्वभाव फार गरीब निघाला.

तुमच्याकडं कारण दुसरं असेल. नवं बाळ, नवा सोफा, रंगकाम, घरातलं कुणी शिकायला पुण्याला गेलं, दुसरं मांजर आणलं. पण नोंद ठेवल्याशिवाय ते सापडणार नाही. आठवणीवर विसंबू नका, आठवण आपल्याला सोयीचं तेवढंच सांगते.

पेटीबद्दल थोडं सविस्तर

धार नसून शू असेल तर सगळ्यात आधी पेटी बघा. नियम सोपा: जितकी मांजरं त्यापेक्षा एक पेटी जास्त. दोन मांजरांना तीन. "एवढ्या जागेत तीन?" असं प्रत्येक जण म्हणतो. तीन पेट्या एका ओळीत ठेवल्या तर मांजराच्या लेखी ती एकच पेटी, म्हणून खोल्या वेगळ्या हव्यात.

बाजारातले ट्रे बहुतेक लहान असतात. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत जेवढी लांबी त्याच्या दीडपट पेटी हवी. आम्ही लक्ष्मीपुरीतून प्लास्टिकचा मोठा टब आणला, अंथरुणं ठेवायचा असतो तसला, आणि एका बाजूला गरम सुरीनं चार बोटं उंचीपर्यंत खाच पाडली. मांजर म्हातारं असेल, पायऱ्या चढताना थांबत असेल, तर ही खाच आणखी खाली घ्या. पाय उचलायला दुखतं म्हणून ते बाहेर बसतं, हे लक्षात यायला घराघरात वर्षं जातात.

आत काय घालायचं? मांजरांना पायाखाली बारीक, मऊ, वाळूसारखं आवडतं. घरासमोर बांधकामाची वाळू पडली की गल्लीतली सगळी मांजरं तिथं का जातात ते यावरून कळेल. लिटर म्हणजे पेटीत घालायचे तयार दाणे, त्यातलं ओलं झाल्यावर गोळा होणारं, बिनवासाचं सगळ्यात चांगलं. परवडत नसेल तर चाळलेली, धुऊन वाळवलेली बारीक वाळूही चालते, फक्त ती पूर्ण बदलावी लागते. लाकडाचा भुसा काहींना चालतो, पण पावसाळ्यात तो ओलसर होऊन कुबट वास धरतो आणि मांजर पाठ फिरवतं. लव्हेंडरचा वास घातलेलं लिटर आपल्या नाकासाठी बनवलेलं असतं, मांजराच्या नाही. बदलायचं असेल तर जुन्यात थोडं थोडं मिसळत आठवडाभरात बदला.

दिवसातून दोनदा खडे उचला, आठवड्यातून एकदा टब साध्या साबणानं धुवा. आणि जागा: जेवणाच्या ताटलीपासून लांब, वॉशिंग मशीन किंवा पाण्याच्या मोटारीपासून लांब, आणि अशा कोपऱ्यात नको जिथून पळायला एकच वाट असेल. आमची एक पेटी जिन्याखाली मोटारीशेजारी होती. नळाला पाणी आलं की मोटार सुरू व्हायची. चिंगी, आमची दुसरी, एकदा आत बसलेली असताना मोटार सुरू झाली असणार. त्यानंतर ती त्या पेटीत कधीच गेली नाही. पेटी माडीवर हलवली, प्रश्न मिटला.

मोरीत जाळीवर शू करणारी मांजरं आपल्याकडं भरपूर आहेत. मला त्यात काही वावगं वाटत नाही, पाणी ओतलं की झालं. फक्त पाहुणे आले, मोरीचं दार दिवसभर लागलं, की त्याला दुसरी जागा हवी.

शीचं थोडक्यात. पेटीबाहेर शी करणाऱ्या मांजराचं आधी पोट बघा. कडक खडे असतील तर बद्धकोष्ठ, पातळ असेल तर जंत किंवा खाणं. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण म्हशीचं दूध कौतुकानं पाजणारे खूप आहेत. मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दुधातली साखर पचत नाही आणि त्यानं ढाळ लागते. त्याला साधं पाणी द्या, दोन-तीन ठिकाणी, रुंद भांड्यात. लघवीच्या दुखण्याला भरपूर पाणी हेच मोठं औषध आहे. कोरड्या दाण्यांसोबत ओलं खाणं द्या, चिकन उकडून त्याचं पाणी द्या. पण आपलं अळणी, म्हणजे तिखट न घातलेला रस्सा, देऊ नका. त्यात कांदा, आलं-लसूण असतं, आणि कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. मसाला घालायच्या आधी त्याच्यापुरतं बाजूला काढून ठेवा.

गणपती, दिवाळी, पूर

हे तीन काळ कॅलेंडरवर आधीच लाल करून ठेवा. माणसाला २० हजार हर्ट्‌झपर्यंतचं ऐकू येतं, मांजराला ६० हजारांच्याही वरचं. आपल्याकडची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेस, या पट्ट्यात राहणाऱ्यांच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. आवाज आपण बंद करू शकत नाही. पण घरातली सगळ्यात आतली खोली निवडा, आठवडाभर आधीपासून तिथं मांजराची पेटी, पाणी, गोधडी आणि एक आडवं पडलेलं पुठ्ठ्याचं खोकं ठेवा. खोक्यावर जाड रग टाका. त्याला त्यात कोंडू नका, फक्त वाट दाखवून ठेवा. लपायला जागा मिळाली की निम्मी धास्ती जाते. ओढून बाहेर काढून "काय नाही झालं" म्हणत कुरवाळू नका, त्याला त्या वेळी ते नको असतं.

फुटबॉलच्या मोसमात पेठेतला संघ जिंकला की जे फटाके वाजतात त्याला तारीख नसते. म्हणून ते खोकं आम्ही आता बारा महिने ठेवतो.

पुराचं वेगळं. माझी मावसबहीण नागाळा पार्कात राहते. जुलै २०२१ मध्ये तिला रातोरात दोन मांजरं पिशव्यांत घालून सासरी फुलेवाडीला हलावं लागलं. तिथं दोघांनी पहिल्या दिवसापासून गाद्यांवर शू केली आणि घरच्यांची बोलणी तिला खावी लागली. तिनं नंतर दोन गोष्टी शिकल्या आणि मला सांगितल्या. मांजर न्यायचा पिंजरा जून लागताच माळ्यावरून काढून घरात उघडा ठेवायचा, आत जुना टॉवेल, अधूनमधून आत खाऊ. म्हणजे वेळ आली की ते आपणहून बसतं. आणि नव्या घरात गेल्यावर पहिले तीन-चार दिवस एकाच खोलीत ठेवायचं, सोबत घरच्या पेटीतलं थोडं वापरलेलं लिटर न्यायचं. आपला वास असलेली पेटी दिसली की ते दुसरीकडं जात नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर म्हणजे इशारा पातळीला गेलं की ती पिशवीत लिटर भरून ठेवते, ४३ ची म्हणजे धोका पातळीची वाट बघत नाही.

दोन मांजरांत बेबनाव असेल तर

दिसेल अशी मारामारी होतेच असं नाही. एक मांजर दाराच्या मधोमध नुसतं बसून राहतं आणि दुसरं पेटीकडं जाऊ शकत नाही. वरवर ते शांत दिसतं. जेवणाच्या ताटल्या एकमेकांना दिसणार नाहीत अशा ठेवा, पाण्याची भांडी वेगळी, झोपायला उंचावर एकाहून जास्त जागा. कपाटावरची ट्रंक हलवून तिथं गोधडी घातली तरी चालते. एवढं करूनही भागलं नाही तर काही दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवून, एकमेकांच्या गोधड्या अदलाबदल करून, नव्यानं ओळख करून द्यावी लागते.

औषधाबद्दल

सगळं करूनही महिना-दोन महिने फरक नसेल तर डॉक्टर चिंता कमी करणारी गोळी देतात, फ्लुओक्सेटीनसारखी. परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात आणि मधेच एकदम बंद करायची नसते. त्यात कमीपणा काही नाही. मात्र मात्रा वजनावर ठरते, म्हणून माणसांच्या गोळीचा तुकडा मोडून स्वतःच्या मनानं देऊ नका.

आणि नाक लघवीत घासणं, पाणी मारणं, चपलेनं मारणं, हे सगळं आजपासून बंद. धास्तावलेल्या मांजराला आणखी धास्तावून धार थांबत नाही. ते फक्त तुमच्यादेखत करायचं थांबवतं आणि कपाटामागं करायला लागतं, जिथं तुम्हाला महिनाभर कळत नाही.

दवाखान्यात जाताना नोंदीचं पान, डागाचा फोटो शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून म्हणजे उंची कळेल असा, आणि जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ घेऊन जा. उभं की बसलेलं, हे दहा सेकंदांच्या व्हिडिओत डॉक्टरांना कळतं.

आमच्या कालनिर्णयवर या पावसाळ्यात आतापर्यंत दोन "धा" आहेत, दोन्ही आषाढातले, दोन्ही रबरी पट्टी निघाली होती त्या आठवड्यातले. पट्टी आत्तींनीच बघितली आणि मला हाक मारली, "अगं, त्याच्या दाराचं रबर सुटलंय बघ, आधी ते लाव."